हनुवटी जरा वर

"शर्ट कोणता घालू?"

काकांनी हे विचारलं स्टुलावर बसलेल्या बाईंना, पण शर्ट घालायचा होता त्यांच्या नवऱ्याला, आणि नवरा जाऊन दीड महिना झाला होता. टेबलावर त्याचं मतदान ओळखपत्र होतं. घरात दुसरा फोटो नाही. त्या नखाएवढ्या काळपट चौकोनातून बारा बाय पंधराची तसबीर करायची आणि शेजारी बाईंना बसवायचं, असं काम होतं. काकांच्या संगणकात एका फोल्डरमध्ये नुसते कपडे आहेत: कोट-टाय, सफारी, चौकड्यांचे शर्ट, पांढरे शर्ट. मुंडकी नसलेली माणसं ओळीनं उभी असावीत तसे.

बाई त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पांढरा घाल. वरची गुंडी लावू नको. त्याने कधी लावली नाही."

काकांनी माऊस हलवला आणि वीज गेली.

ऑगस्टातल्या जव्हारला यात नवल नाही. धुकं दुकानाच्या पायरीपर्यंत आलेलं, समोरचं किराणा दुकान दिसेना. इन्व्हर्टरवर काकांचा एक बल्ब आणि पंखा चालतो. संगणक, प्रिंटर, फोटोचे दिवे चालत नाहीत. बाजार करून येते म्हणून बाई प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरल्या. कधी मिळेल, हे त्यांनी विचारलं नव्हतं. काकांनीच मागून हाक मारून सांगितलं, "पाचच्या गाडीच्या आत देतो, मावशी."

मीही फोटोच काढते, पण माझी गिऱ्हाइकं संस्था. अहवाल, पुस्तिका, प्रदर्शनं. जव्हार-मोखाड्याला येऊन आठ वर्षं झाली, आणि प्रत्येक खेपेला बॅटऱ्या चार्ज करायला आणि चहाला काकांच्या स्टुडिओत बसते. आमचं भांडणही तेवढंच जुनं आहे. त्या दिवशी वीज साडेतीन तास आली नाही, म्हणून ते जरा लांबलं.

"काका, हा माणूस असा कधी बसलाच नव्हता," मी म्हटलं. "शर्ट त्याचा नाही, खांदे त्याचे नाहीत. दोघं शेजारी बसलीयत असा फोटो कधी निघालेला नाही. तुम्ही चक्क खोटा पुरावा तयार करताय."

"पुरावा कोणी मागितला? तिने फोटो मागितला."

"फोटो म्हणजे झालेल्या गोष्टीची खूण. न झालेल्या गोष्टीची कशी असेल?"

"गुंडी झालेली गोष्ट आहे," काका म्हणाले. "मतदान कार्डावर बघ, फोटो गळ्याशी कापलाय, गुंडी दिसत नाही. ती तिला ठाऊक. शर्ट मी कुठूनही आणीन, गुंडी तिने आणली. आणि ऐक, पुराव्याचे फोटो तिने आयुष्यभर दिलेत. रेशन कार्डाला दिला, आधारला दिला, बँकेच्या पासबुकाला दिला, जॉबकार्डाला दिला. रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून दिवसातून दोन वेळा ॲपवर फोटो घेतात. चर खणायला आलात, तर उभे राहा ओळीत. तिची नातसून अंगणवाडीत जाते. तिथे २०२५ पासून पोषण ट्रॅकरवर चेहरा जुळला तर घरी न्यायचा आहार. पाड्यावर रेंज नसली की तोच चेहरा जुळत नाही. हे सगळे फोटो कशासाठी? बाई खोटं बोलत असेल, म्हणून. 'तू तूच कशावरून' एवढंच ज्या यंत्रानं तिला जन्मभर विचारलं, ते गळ्यात अडकवून तू तिच्या दारात उभी राहतेस आणि म्हणतेस, माझ्यावर विश्वास ठेवा."

हे त्यांचं बोलणं मी घरी जाऊन लिहून ठेवलं. फोटोग्राफीच्या पुस्तकांत विश्वासाचं प्रकरण असतं, त्यात गिऱ्हाइकाशी हसून बोला, आधी गप्पा मारा, कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढा, असलं सगळं असतं. फोटो हीच जिथे अविश्वासाची कागदपत्रं आहेत, तिथे काय करायचं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. पण त्या क्षणी मी हार मानायच्या मनःस्थितीत नव्हते.

"मी जाते ती दारात उभी राहून फोटो काढून पळत नाही," मी म्हटलं. "पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवीतून काढतही नाही. चुलीपाशी बसते, नागलीची भाकरी खाते. फोटो काढला की पडद्यावर दाखवते. नको म्हटलं तर पुसते. तुम्ही दहा मिनिटांत उरकता. हनुवटी वर, डोळे उघडे, खटॅक, साठ रुपये."

"दोन दिवस बसतेस, कारण दोन दिवस बसायचे पैसे तुला संस्था देते."

मी गप्प.

"वाईट वाटून घेऊ नको. मी दहा मिनिटांत उरकतो हे खरंच आहे. पण मी उद्याही इथेच असतो ना. डोळे मिटलेला फोटो दिला, तर ती बाजाराच्या दिवशी पायरीवर येऊन चार माणसांत मला बोलेल. तुला बोलायला ती कुठे येणार? नाशिकला?"

मग त्यांनी विश्वास म्हणजे काय, ते त्यांच्या धंद्याच्या भाषेत सांगितलं, आणि ते मला वाटलं होतं त्याहून बारीक निघालं. जुन्या काळी त्यांच्याकडे यशिका होता, एकशेवीसचा रोल, बारा फोटो. कृष्णधवल ते स्वतः मागच्या खोलीत धूत. रंगीत आल्यावर रोल एसटीच्या पार्सलनं मोखाड्यावरून, त्र्यंबकमार्गे नाशिकच्या लॅबला जायचे. रोल पुरा झाल्याशिवाय पाठवणं परवडायचं नाही. म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकानं बाराव्याची वाट बघायची. सगळे स्टुडिओवाले सांगत, 'आठ दिवसांनी या.'

"पण दिवाळी झाली की इथले पाडे रिकामे होतात," काका म्हणाले. "मुकादमाकडून उचल घेतलेली असते. भिवंडीला, वसईला, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर बिऱ्हाडं जातात, पोरंटोरं, कोंबड्या घेऊन. दिवाळीच्या तोंडावर फोटो काढला आणि 'आठ दिवसांनी या' म्हटलं, म्हणजे 'होळीला या' म्हटलं. होळीला आलेल्या माणसाला आपली पावती हरवलेली असते, आपल्यालाही तो आठवत नाही. आपल्या भागात फोटोवाल्यांचं नाव खराब झालं ते यामुळे. फोटो वाईट काढले म्हणून नव्हे. मी काय केलं, दिवाळीच्या आधीचे रोल अर्धेच भरायचो. सहा फोटो काढायचे आणि पाठवून द्यायचे. सहा कोरे जायचे."

"तोटा?"

"दर दिवाळीला. बायको बोलायची."

मी त्यांना मार्गारेट बर्क-व्हाइटची गोष्ट सांगितली. १९४६ साली ती 'लाइफ' मासिकासाठी गांधीजींचा चरख्यासह फोटो काढायला आली, तर आधी स्वतः सूत कातायला शीक, मग कॅमेरा काढ, असं तिला गांधीजींच्या मंडळींनी सांगितलं. ती शिकली, आणि तिला मोजक्या फ्लॅशबल्बांची परवानगी मिळाली. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या कामात हात घातल्याशिवाय त्याचा चेहरा मागू नये, असा माझा मुद्दा.

काका हसले. "म्हणजे मी आता भाताच्या आवणीला उतरू? अगं, गांधीजी अट घालू शकले. आपल्या बाईनं तुला कधी अट घातली का?"

नव्हती घातली. आठ वर्षांत एकीनेही नाही. मी याला माझ्यावरचा विश्वास समजत होते.

अट घालता न येणाऱ्या माणसांचे फोटो या तालुक्यांनी पुष्कळ दिलेत. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक मुलं दगावली. कुपोषण हा शब्द तेव्हापासून महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत या भागाच्या नावाला चिकटला तो चिकटलाच. जिल्हा तेव्हा ठाणे. पालघर जिल्हा झाला २०१४च्या १ ऑगस्टला. नवा जिल्हा दोन वर्षांचा होतो न होतो तोच २०१६च्या पावसाळ्यात मोखाड्यातले बालमृत्यू गाजले आणि कॅमेरे पुन्हा याच रस्त्यानं चढून आले.

"पहिल्या वेळी माझ्या दुकानातले रोल एका आठवड्यात संपले," काका सांगू लागले. "नाशिकहून मागवले, तेही संपले. सेल संपले. जीपवाल्यांनी भाव दुप्पट केले. एवढा धंदा मी लग्नसराईत कधी केला नाही. मला लाज वाटली, असं मी आता म्हणेन. तेव्हा वाटली की नाही, आठवत नाही. पोराला दंडाला धरून उजेडात आणायचे. आईला सांगायचे, पदर बाजूला कर, फासळ्या दिसू देत."

"पण काका, ते फोटो छापून आले म्हणून सरकार हललं. मंत्री आले, डॉक्टर आले, योजना आल्या. गोड फोटो काढून कोणी हललं नसतं."

"हललं. मी कुठे नाही म्हणतो? दवाखान्यात खाटा वाढल्या. नुसतं एक विचारतो. त्या आईला तो फोटो कोणी दिला?"

"तसला फोटो तिला हवा असता?"

काकांनी लगेच उत्तर दिलं नाही. बल्बाभोवती पावसाळी पाखरं फिरत होती, त्यांतलं एक चहात पडलं ते त्यांनी बोटानं काढलं. "त्या पोराचा तेवढाच फोटो निघालेला असेल तर?"

यावर माझ्याजवळ आजही उत्तर नाही. पोरगं गेलं, आणि त्याचं एकमेव चित्र कुठल्याशा कचेरीच्या कपाटात, फासळ्यांसकट. आईला ते दिलं तरी क्रूर, न दिलं तरी क्रूर.

अमेरिकेत १९३६ साली मंदीच्या दिवसांत डोरोथिया लँगने वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. जगातल्या सर्वांत जास्त छापल्या गेलेल्या चेहऱ्यांपैकी तो एक. त्या बाईचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे जगाला कळलं १९७८ साली. तेव्हा तिनं सांगितलं, की फोटोवालीनं नाव विचारलं नव्हतं, फोटो विकणार नाही म्हणाली होती, एक प्रत पाठवते म्हणाली होती, ती कधी आली नाही. लँगचा हेतू चांगला होता आणि त्या फोटोमुळे छावणीत धान्य पोचलं, हेही खरं. मी हे काकांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "पोस्टानं किती लागले असते?"

आता मला माझी गोष्ट सांगावी लागली. ती मी इतकी वर्षं टाळत आले होते.

खोडाळ्याच्या बाजूला एका पाड्यावर मी एका बाईंचा फोटो काढला होता. पावसाळा, आवणी चालू. बाई शेतातून वर आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, लुगडं ओलं, कपाळावर केस चिकटलेले. मागे भेगा गेलेली कुडाची भिंत. दारातून तिरका उजेड. तसा उजेड वर्षात दोनदा मिळतो. मी विचारलं, काढू का? त्या हसल्या. काढला. 'फोटो आणून देते,' म्हटलं. तो फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला, मग प्रदर्शनात गेला, लोकांनी त्याच्यासमोर उभं राहून 'काय डोळे आहेत' वगैरे म्हटलं. प्रत द्यायला मी गेले दोन वर्षांनी. चांगल्या कागदावर मोठी प्रत, माउंट लावून.

बाईंनी ती हातात धरली. बराच वेळ पाहिली. मग त्या म्हणाल्या, "आवणीवरून आलेली मी. असा फोटू कोणी काढतं का?" भिंतीच्या भेगेवर त्यांनी बोट ठेवलं. ती भिंत त्यांनी त्याच वर्षी सारवून घेतली होती. आतली मांडणी, चकचकीत घासलेल्या भांड्यांची उतरंड, माझ्या चौकटीच्या एक हात डावीकडे होती. ती का नाही घेतली, असं त्यांनी विचारलं. फोटो त्यांनी भिंतीला लावला नाही. पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या खाली ठेवून दिला. चहा मात्र दिला.

"म्हणजे तू खरा फोटो काढलास," काका म्हणाले. टोमणा होता, पण हळू मारलेला.

"खराच होता. पण मी त्यांना विचारलं 'काढू का'. 'कसा काढू' असं विचारलं नाही."

"तेच तर मी विचारतो. शर्ट कोणता घालू."

इथे काका जिंकले, असं मला वाटायला लागलं होतं. पण त्यांचीही एक पेटी होती, आणि ती त्यांनी स्वतःच उघडली. माणूस हरलेला दिसला की समोरचा उदार होतो.

दहाएक वर्षांपूर्वी मोखाड्याकडची एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशासाठी फोटो काढायला आली. पासपोर्ट, आठ प्रती. संगणक नवीन होता, चेहरा उजळ करायचं बटण नवीन होतं. काका सगळ्यांना उजळ करत. कोणी सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही. तो जणू चहाबरोबरचा पाव. मुलगी फोटो घेऊन खूश होऊन गेली. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर एका माणसानं फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, ही तू नाहीस. अर्धा तास बाहेर उभं केलं. शेवटी आधार कार्डावरच्या भयाण फोटोनं तिला आत सोडवलं.

"तिचा बाप आला. ओरडला नाही. म्हणाला, 'काका, पोरगी काळी आहे ते आम्हाला माहीत होतं. तुम्हाला का खुपलं?'"

बाहेर पाऊस वाढला होता. काकांनी उठून पायरीवरची फळी आत ओढली.

"तेव्हापासून बटण बंद?" मी विचारलं.

"पासपोर्टला बंद. लग्नाच्या अल्बमला चालू." मग ओशाळून, "मागतात ना. नाही केलं तर दुसऱ्या दुकानात जातात."

म्हणजे मागेल तसा फोटो देणं हा काकांचा विश्वास एका जागी येऊन अडतो. माणूस काय मागतो, तेही त्याला कोणीतरी शिकवलेलं असतं. गोरेपणाच्या जाहिराती जव्हारच्या बाजारातही लागतात. आणि आहे तसं दाखवणं हा माझा विश्वास दुसऱ्या जागी अडतो, कारण 'आहे तसं' कुठल्या घटकेचं, हे मी ठरवते. चिखलातली घटका खरी आणि घासलेल्या भांड्यांची घटका खोटी, असं थोडंच आहे?

या दोन्ही खोड्या जुन्या. विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकारानं १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत छापले, 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' या नावानं. माणसं बघणाऱ्याला नमुने म्हणून हवी होती, तशी मांडली. त्यात माणसांचे फोटो वेगळे काढलेले आणि मागची देवळं, रस्ते, झाडं वेगळ्या फोटोंतून आणून जोडलेली. हे सांगितल्यावर काकांना कोण आनंद झाला. "म्हणजे मिक्सिंग आमच्या आधीपासून! आणि लोक म्हणतात कॉम्प्युटरनं वाट लावली."

काकांकडे कामाला एक मुलगा आहे, विशीतला, जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या पाड्यावरचा. लग्नं, प्री-वेडिंग तोच करतो: राजवाड्यासमोर, हनुमान पॉइंटला, दाभोशाच्या धबधब्यापाशी. आतापर्यंत तो मोबाईलच्या उजेडात पासपोर्ट फोटो कापत बसला होता. मी त्याला म्हटलं, तुझं काय मत? तू तर घरचाच.

"आई माझ्या मोबाईलसमोरही बसत नाही," तो म्हणाला. "म्हणते, कामाच्या वेळेला कोण फोटू काढतं." जरा थांबून म्हणाला, "बोहाड्यात मात्र बाप स्वतः हाक मारतो. सोंग घेतलं की म्हणतो, आता काढ."

बोहाडा हा इथला मुखवट्यांचा उत्सव. रात्रभर संबळाच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं, देवाचं, राक्षसाचं. मुखवटा चढला की तो माणूस माणूस राहत नाही, म्हणून त्याचा फोटो काढायला कोणाची ना नसते. मुखवटा उतरवून घामाघूम होऊन तो विडी पेटवतो, तेव्हा कॅमेरा रोखला तर तोंड फिरवतो. माझ्यासारख्या फोटोवाल्यांना नेमका तो दुसरा क्षण हवा असतो. त्याला आम्ही 'खरा चेहरा' म्हणतो. काका म्हणाले, "माझ्या स्टुडिओत सगळे सोंग घेऊनच येतात. मी सोंगाचा मान ठेवतो." मला हे पटलं आणि पटलंही नाही. कोणीच कधी विडीचा फोटो काढला नाही, तर या माणसाला किती दम लागतो ते कोणाला कळणार?

संमतीपत्राचा विषय मी जपून काढला. संस्थांचा आग्रह असतो: फोटो काढण्याआधी सही किंवा अंगठा. मला ते सभ्यतेचं वाटे. काकांनी कागद हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"अंगठा?" ते म्हणाले. "इथे?"

पुढे बोलायची गरज नव्हती. पलीकडच्या डहाणू-तलासरीत अंगठ्यांच्या कागदांवर जमिनी सावकारांकडे गेल्या. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी नवराबायको दोघंही मालकाच्या घरी वेठीला राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारली उठले ते त्याविरुद्ध. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ते सगळं लिहिलंय. ज्यांच्या आज्यानं अंगठा दिला आणि शेत गेलं, त्यांच्यापुढे मी शाईचा डबा उघडून म्हणते, घाबरू नका, तुमच्या भल्यासाठीच आहे. सावकारही तेच म्हणत असणार.

"मग कागद नको?"

"कागद असू दे, तुझ्या संस्थेला लागतो. पण तुझा अंगठा कुठाय त्यावर? तू काय देणार, कधी देणार, फोटो कुठे लावणार, ते लिही आणि तू सही कर. आणि तो कागद तिच्याकडे ठेव. माझी पावती बघ." त्यांनी पावतीपुस्तक पुढे केलं. रक्कम, प्रती, तारीख, खाली काकांची सही. गिऱ्हाइकाच्या सहीला जागाच नाही.

मला हे कधी सुचलं नव्हतं, हे लिहिताना अजून कान तापतात.

पण मग मीही एक कागद काढला, तोंडी. "काका, शोकेसमध्ये ती नवरी लावलीय, तिला विचारलं होतं?"

"फोटो मी काढलाय. माझाच आहे."

"नाही. पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला, आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर त्याचा कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा. १९५७चा कायदा, कलम १७. तुमच्या कपाटातल्या लग्नांच्या अल्बमचे मालक तुम्ही नाही."

काका पहिल्यांदा खरोखर चकित झालेले दिसले. "चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नाही."

"संस्थेनं पैसे दिले की माझ्या फोटोंनाही बहुधा तेच लागू होतं. मालक संस्था. चिखलातल्या बाई कुठेच नाहीत. त्यांनी पैसे दिले नाहीत ना."

मुलगा कात्री थांबवून ऐकत होता. "म्हणजे साठ रुपये दिलेली मावशी मालक, आणि जिचा फोटो फुकट काढला ती कोणी नाही," तो म्हणाला. त्याला यात काही तत्त्वबित्त्व दिसलं नव्हतं. हिशेब लागला, एवढंच. तो उठला आणि शोकेसच्या कुलपाची किल्ली शोधू लागला. काकांनी त्याला थांबवलं नाही. मुली आजकाल पैसे देताना सांगतात, कॉम्प्युटरमधून काढून टाका, आमच्यासमोर काढा. आधी याचा राग यायचा, असं काका म्हणाले. आता पडदा गिऱ्हाइकाकडे वळवूनच पुसतात. चेहरा उचलून कुठल्याही धडावर बसवता येतो, हे त्या मुलींना काकांइतकंच ठाऊक आहे. काकांचा तर तो धंदाच.

चार वाजून दहा मिनिटांनी वीज आली. प्रिंटर खरखरला. बाई त्याआधीच येऊन पायरीवर बसल्या होत्या, पिशवीत सुकट आणि मिठाची पुडी. पाचच्या गाडीला पन्नास मिनिटं.

काकांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. पांढरा शर्ट चढला, वरची गुंडी उघडी. गळ्याशी जरा सावली दिली. बाई पुढे वाकल्या.

"माझ्याकडं बघतोय असा नाही करता येणार?"

"मान वळवता येत नाही, मावशी," काका म्हणाले. "मतदानाचा फोटो आहे. सरळच बघणार."

त्यांनी खरं सांगितलं, हे नंतर माझ्या लक्षात आलं. मान वळवणारी नवी साधनं त्यांच्याकडच्या मुलाला येतात. त्याने तोंड उघडलं होतं, काकांनी नुसती नजर टाकली. मान वळवली असती तर तो चेहरा दुसऱ्याच कोणाचा झाला असता.

बाईंनी विचार केला. "असू दे. मग मी बघते त्याच्याकडं. तो कोणत्या अंगाला?"

काकांनी मला छत्रीचा दिवा धरायला सांगितला आणि मुलाला डावीकडे उभं केलं, हात वर करून. बाई स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला. मग परत उठल्या, कोपऱ्यातल्या बादलीत पाय धुतले, आणि येऊन बसल्या. पाय फोटोत येणार नव्हते. कोणी काही बोललं नाही.

"त्याच्या हाताकडे बघा," काका म्हणाले. "हनुवटी जरा वर. अजून. तो तुमच्याहून उंच होता ना?"

"व्हता," बाई म्हणाल्या, आणि मान अजून वर केली.